एका वेळी एकानेच आत यावे

माझ्या नणंदेने सत्तावीस वर्षं दातांच्या डॉक्टरांच्या दाराशी बसून काढली. दात डॉक्टर उपटायचे, पण कुणाचा आधी आणि कुणाचा नंतर हे ठरवायची सत्ता हिच्याकडे होती. चहापेक्षा किटली गरम म्हणतात ते खोटं नाही. एकदा माझीच दाढ ठणकत होती, गाल सुजून वर आलेला. घरचं माणूस म्हणून मी सरळ आतल्या दाराकडे निघाले, तर हिने रजिस्टरमधून डोकंही वर काढलं नाही. "अकरा नंबर. बसून घ्या." मला! सख्ख्या भावजयीला! घरी 'तू' म्हणते आणि तिथे 'घ्या'. आणि मी बसले. तिच्या आवाजात काहीतरी होतं, माणूस बसायचाच.

आम्ही तिला ताई म्हणतो. माझ्या नवऱ्याहून ती चार वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. आमच्याकडेच राहते, मधल्या खोलीत. गल्लीतले लोक तिला नंबरताई म्हणतात. तिच्या पाठीमागे मीही तेच म्हणते.

पुढे डॉक्टरांचा हात थरथरायला लागला. ते त्यांना स्वतःलाच आधी कळलं, हे पेशंटांचं नशीब. त्यांनी दवाखाना बंद केला आणि मुलीकडे राहायला गेले. जागेचं भाडं सहा महिन्यांचं आगाऊ भरलेलं होतं. जाताना किल्ली ताईच्या हातात ठेवून म्हणाले, "सत्तावीस वर्षांत तुम्ही कधी रजा मागितली नाहीत. आता सहा महिने ही जागा तुमची. सामान विका, ठेवा, हवं ते करा."

ताई घरी बसली आणि आमच्या घराचा दवाखाना झाला. सकाळी आंघोळीला नंबर. टीव्हीच्या रिमोटला नंबर. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याचं काही वाटलं नाही. बहिणीच्या धाकात वाढलेला माणूस, टॉवेल खांद्यावर टाकून निमूट बाथरूमबाहेर उभा राहायचा. माझ्या मात्र नाकी नऊ आले. माझ्याच स्वयंपाकघरात माझ्याच डब्यांवर हिने चिठ्ठ्या चिकटवल्या आणि त्यांवर तारखा घातल्या. मी दात-ओठ खात गप्प बसले.

तेवढ्यात थोरल्या दिरांचा फोन आला. दादा इथून दोन तासांवर राहतात. घर मोठं, गाडी मोठी, आवाजही मोठा. माझे सासरे त्यांच्याकडे असतात. वय शहाऐंशी, तब्येत ठणठणीत, फक्त आठवण विरत चाललेली. दर पाच मिनिटांनी ते हाक मारतात, "कोण आहे रे तिकडे?" धावत गेलं की म्हणतात, "काही नाही. कुणी आहे का ते बघत होतो." सासूबाई गेल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, या हाकांना माझ्या जाऊबाई ओ देतात.

"ताई आता रिकामीच आहे ना," दादा फोनवर म्हणाले. स्पीकर चालू होता आणि ताई समोरच शेंगा निवडत बसली होती. "तिला पाठवून दे इकडे. बाबांचं बघेल, हिलाही हातभार लागेल. नाहीतरी तिचं तिकडे आहे काय?"

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. सुंठेवाचून खोकला जात होता. ताईकडे बघितलं तर तिच्या हातातली शेंग तशीच अर्धी सोललेली. 'रिकामी' हा शब्द तिला लागला होता. तिने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"दादा, माझ्याकडे सहा महिने जागा आहे. मी तिथे कॅफे काढणार आहे. चालला तर चालला. नाही चालला तर बॅग भरून तुझ्याकडे येते, पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही."

पलीकडे दादा पोट धरून हसले. "कॅफे? तू? बरं बरं. सहा महिन्यांनी गाडी घेऊनच येतो."

कॅफे हे खूळ तुमच्या डोक्यात कधीपासून होतं, असं मी तिला नंतर विचारलं. म्हणाली, "तेव्हापासूनच. तोंडाला आलं ते बोलले."

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण ताईचं अंथरूण हातरुमालाएवढं होतं. साठवलेल्या पैशांतून तिने दोन शेगड्यांचा जुना गॅस घेतला, दुधाचं पातेलं, दोन गाळण्या, डझनभर कप आणि ब्रेड एकाच बाजूने भाजणारा एक टोस्टर. तिथे पैसे संपले. बाकी सगळं दवाखान्यातलंच. सामान विकायचा प्रयत्न तिने केला होता, पण दातांच्या खुर्चीला भंगारवाल्याने जो भाव सांगितला त्यापेक्षा ती जमिनीतून उखडायचा खर्च जास्त निघाला. म्हणून खुर्ची राहिली. बाहेरच्या खोलीतल्या आठ खुर्च्या एकाच लोखंडी पट्टीवर ठोकलेल्या होत्या, त्याही राहिल्या. थुंकायचं भांडं तेवढं मी हट्टाने काढायला लावलं.

"त्यात मनीप्लँट छान दिसेल," ती म्हणत होती.

"तुम्हाला मनीप्लँट दिसेल, गिऱ्हाइकाला थुंकीच दिसेल," मी म्हटलं.

कप उकळायला तिने काय घ्यावं? ज्या स्टीलच्या डब्यात डॉक्टरांचे चिमटे उकळत, तोच डबा. मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो ताई, दात उपटायचे चिमटे उकळलेत त्यात!" तर म्हणे, "मग? तुझ्या पातेल्यापेक्षा स्वच्छ आहे." बिस्किटं ठेवायला किडनीच्या आकाराचे स्टीलचे ट्रे काढले. पाटी रंगवून घ्यायला पैसे नव्हते, म्हणून 'दातांचा दवाखाना' या अक्षरांवर एक जाड कागद चिकटवला आणि त्यावर 'कॅफे' लिहिलं. त्याखालचं 'रविवारी बंद' आणि 'एका वेळी एकानेच आत यावे' तसंच राहिलं. भिंतींना दोन हात रंग दिला, तरी लवंगेच्या तेलाचा वास काही गेला नाही. तो भिंतीत मुरला होता, ताईसारखाच.

पहिल्या दिवशी आम्ही गर्दी करायला म्हणून गेलो. हे, मी, शेजारचे शिंपीमास्तर, वह्या-पेनांच्या दुकानातली बाई आणि शाळेतल्या दोन मास्तरणी. ताई टेबलामागे बसलेली, केस चापूनचोपून, समोर रजिस्टर. आम्ही आत शिरताच तिने प्रत्येकाच्या हातात नंबराचा प्लास्टिकचा बिल्ला ठेवला. आम्ही त्या आठ खुर्च्यांवर ओळीने बसलो. सगळ्यांची तोंडं समोरच्या भिंतीकडे.

दहा मिनिटं गेली. कुणी काही विचारेना, कुणी काही आणेना. मला वाटलं, कॉफी उकळत असेल. मी तिथलं एक जुनं मासिक उचललं. त्यातलं शब्दकोडं कुणीतरी दाढदुखीत अर्धवट सोडवलेलं होतं.

"एक नंबर. आत या," ताई म्हणाली.

शिंपीमास्तर उठले. "मी एकटाच?"

"सोबत कुणी आहे का?"

"नाही."

"मग एकटेच."

ते आत गेले आणि दार बंद झालं. बाहेर आम्ही पाच जण चिडीचूप. आतून कपाचा आवाज आला तशी वह्यांच्या दुकानातली बाई दचकली. पंधरा मिनिटांनी मास्तर बाहेर आले आणि गालाला हात लावून, कुणाशी न बोलता पैसे देऊन निघून गेले. पुढचा नंबर ह्यांचा. हे माझ्या कानाशी लागले, "मला उगाच भीती वाटायला लागलीय गं."

माझा पारा चढला. मी उठले आणि सरळ टेबलापाशी गेले. "ताई, काय चालवलंय हे? कॅफे आहे हा! माणसं येतात, घोळक्याने बसतात, गप्पा मारतात. एकेकाला आत घेऊन कसली कॉफी पाजताय?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाहेर बसून प्यायची? मग आतली खोली कशाला?"

चेष्टा नव्हती, ती खरंच विचारत होती. सत्तावीस वर्षांत तिने आतल्या खोलीत एका वेळी दोन पेशंट बघितले नव्हते. बाहेर थांबायचं आणि जे काय व्हायचं ते आत, यापलीकडे जगात दुसरी रीत असते हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्यांसमोर बोलले याचं मला वाईट वाटलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता. अशी ती मी कधी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिने माझं ऐकलं. बिल्ले खणात गेले, आतलं दार बंद झालं, कॉफी बाहेर मिळायला लागली. आणि कॅफे बसला. म्हणजे पार बसला. एका पट्टीवर ठोकलेल्या आठ खुर्च्यांवर गप्पा कशा मारणार? माणसं मान वाकडी करून बोलायची, एकाने पाय हलवला की आठही कप हिंदकळायचे. जी आली ती एकदा येऊन गेली. रोज एखाद-दुसरा गाल धरून यायचा, पाटीवरचा कागद न वाचता. ताई त्याला दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता लिहून द्यायची आणि वर कोमट पाण्याच्या गुळण्या सांगायची, फुकट. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, इथे तर दातही दुसऱ्याचे.

दीड महिना असा गेला. रविवारी दादांचा फोन यायचा. "काय म्हणतोय तुमचा कॅफे?" या 'तुमचा' मध्ये मला उगाच ओढायचे. मी म्हणायचे, चाललंय. ताई उठून मधल्या खोलीत निघून जायची.

मग एक दिवस शिंपीमास्तर आले. मी तिथेच होते, कप पुसत. त्यांनी टेबलाशी येऊन घसा खाकरला.

"ताई, आतली खोली रिकामी आहे का?"

"का हो?"

"नाही, म्हणजे पहिल्या दिवशी आत बसलो होतो ना. पंधरा मिनिटं कुणी 'मास्तर, माझं झालं का?' म्हणून विचारलं नाही. दुकानात तेच, घरी तेच. परत एकदा बसावं म्हणतो. दार लावून."

ताईने माझ्याकडे बघितलं नाही, एवढा मोठेपणा तिने दाखवला. खण उघडला, एक नंबरचा बिल्ला काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. "बसून घ्या," ती म्हणाली, "बोलावते." बाहेर दुसरं चिटपाखरूही नव्हतं. तरी ते पाच मिनिटं बसले आणि मग तिने त्यांना रीतसर आत बोलावलं.

तिथून गाडी रुळावर आली. मास्तरांनी कुणाला सांगितलं कोण जाणे, पण वह्यांच्या दुकानातली बाई आली, मग दोन्ही मास्तरणी आल्या, वेगवेगळ्या वेळी, एकमेकींना न कळवता. ताईने नियम केले. फोन बाहेर ट्रेमध्ये ठेवायचा. आत कॉफीचा किंवा चहाचा कप, दोन बिस्किटं आणि ती खुर्ची. पायाशी पट्टी दाबली की पाठ मागे जाते, पाय वर येतात. छतावर डॉक्टरांनी कधीकाळी होडीचं एक चित्र लावलेलं, तोंड उघडून पडलेल्या माणसाला बघायला काहीतरी असावं म्हणून. दाताचा साचा घेताना लावायचं छोटं घड्याळ ताई पंधरा मिनिटांवर लावायची. वाजलं की दारावर एक टकटक. दोन नाही, एकच.

लिहायला वेगळी वही घ्यायला नको म्हणून तिने डॉक्टरांचे उरलेले केसपेपर वापरायला काढले. गठ्ठेच्या गठ्ठे पडले होते. त्यावर छापलेलं होतं: नाव, वय, तक्रार. नाव लोक गाळायचे, वय बायका गाळायच्या, पण तक्रार मात्र हौसेने भरायचे. मी ते चोरून वाचायचे. 'साहेब.' 'दोन्ही मुलांची परीक्षा.' 'विशेष काही नाही, पण फार आहे.' एका मास्तरणीने नुसतं 'दुसरी मास्तरीण' असं लिहिलं होतं. ताई वाचायची नाही. उलटे घालून फाईल करायची, तारखेप्रमाणे.

आत एका वेळी एकच, म्हणजे धंदा कितीसा होणार, असं ह्यांनी बोटांवर हिशोब करून सांगितलं होतं. पण बाहेर नंबराची वाट बघत बसलेली माणसं कंटाळायची आणि तिथेच एक कॉफी मागवायची. आत जाऊन कॉफी प्यायची आहे, तोवर एक कॉफी द्या! मी हसून हसून बेजार झाले. लवंगेच्या वासाचंही कुणी वाईट म्हटलं नाही. उलट ही खास कॉफी घरी कशी करायची, असं विचारायला लागले.

माझी पाळी आली ती पाचव्या महिन्यात. दादांनी तारीख कळवली होती, सहाव्या महिन्याचा शेवटचा शनिवार. तो निरोप घेऊन मी तरातरा गेले, तर ताईने बिल्ला पुढे केला. नऊ. मी काही बोलणार तोच म्हणाली, "घरच्यांनाही नंबर." पाऊण तास बसवून ठेवलं मला. चिडून आत गेले, खुर्चीत पडले, होडीकडे बघितलं आणि निरोपाचे शब्द जुळवायला लागले.

पुढचं मला टकटकीनंतरचं आठवतं. मी घोरत होते म्हणे. बाहेर सहा जणांनी ऐकलं आणि कुणी हसलं नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्यासाठी कुणी बाहेरून दार लावून घेतलंय, आत कुणाला येऊ देत नाहीये, हे मला पहिल्यांदाच मिळालं होतं. आणि हे देणाऱ्या बाईला घरातून घालवायला मी टपले होते! मला स्वतःची लाज वाटली. बाहेर येऊन मी निरोप सांगितला. ताई म्हणाली, "असू दे. येऊ दे." पण दिवसभरात तिने दोघांना चुकीचे बिल्ले दिले.

शेवटच्या आठवड्यात जागामालक येऊन गेले. पुढच्या महिन्यापासून भाडं ताईने भरायचं. मिळकतीतून भाडं निघत होतं, दूध-साखर निघत होती आणि तिच्या जेवणाखाणापुरतं उरत होतं. वर काही नाही. आम्ही फोनवर दादांना हे सांगितलं, तर म्हणाले, "याला चालणं म्हणतात? हे तर रांगणं झालं. भाडं भरण्यासाठी दुकान चालवायचं आणि दुकान चालवण्यासाठी भाडं भरायचं. ठरल्याप्रमाणे मी येतोय." तोलूनमापून बघितलं तर त्यांचं चुकत नव्हतं, आणि ताईनेही शब्द दिला होता. शुक्रवारी संध्याकाळी तिने मधल्या खोलीत बॅग उघडून ठेवली. त्यात तिने काही भरलं नाही.

शनिवारी दादा आले ते जाऊबाईंना घेऊन, सामान बांधायला मदत म्हणून. बाबांपाशी त्या दिवसापुरतं ह्यांना पाठवलं होतं. बाहेरच्या खोलीत सात जण बसलेले. दादांनी नजर फिरवली, लवंगेचा वास घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "ताई, आटप. गाडी सावलीत नाहीये."

ताईने दोन बिल्ले पुढे केले. "सोळा. सतरा. बसून घ्या."

"अगं, मी भाऊ आहे तुझा!"

"सतरा," ताई म्हणाली.

सांगितलं ना, तिच्या आवाजात काहीतरी आहे. दादा बसले. जाऊबाई शेजारी बसल्या, खुर्चीच्या अगदी कडेला, कुणी हाक मारली की लगेच उठता यावं अशा. तेवढ्यात माझा फोन वाजला. हे होते. "अगं, बाबांनी सकाळपासून चाळीस हाका मारल्या. चाळीस! मी मोजल्या. मला अजून चहाही घेता आला नाही. तुम्ही कधी येताय?" ह्यांचा आवाज रडवेला. मी स्पीकर लावला नव्हता, पण फोनवर ओरडूनच बोलतात ते. सगळ्या खोलीने ऐकलं, आणि रांगेत बसलेले शिंपीमास्तर सगळ्यांच्या वतीने म्हणाले, "ताई, आधी ह्या दोघांना घ्या, आम्ही थांबतो." जाऊबाईंनी नुसती मान हलवली.

"सोळा नंबर," ताई म्हणाली.

जाऊबाईंनी दादांकडे बघितलं. दादा म्हणाले, "जा, घे पटकन एक घोट. मग निघू." त्या आत गेल्या. ताईने कप नेऊन दिला, बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि घड्याळ लावलं.

पंधरा मिनिटांनी ते वाजलं. ताई उठली नाही. तिने ते पुन्हा पंधरावर लावलं.

मी चाटच पडले. ह्या बाईने माझी सुजलेली दाढ अकरा नंबरपर्यंत ठेवली होती. स्वतःचा नियम मोडताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"काय चाललंय आत?" दादा उठले. "एक कप कॉफीला एवढा वेळ?"

"बसा हो," शिंपीमास्तर म्हणाले, "आत माणूस आहे."

घड्याळ दुसऱ्यांदा वाजलं. ताईने तिसऱ्यांदा लावलं. बाहेरच्या लोकांना म्हणाली, "ज्यांना उशीर होतोय त्यांना एक कॉफी माझ्याकडून." कुणीही उठून गेलं नाही. दादांनी तीनदा मनगटावरचं घड्याळ बघितलं, एकदा गाडी सावलीत लावून आले.

पाऊण तासाने दार आतूनच उघडलं. जाऊबाईंचे मागचे केस चपटे झाले होते आणि डोळे लाल होते. कप रिकामा करून, बशीवर पालथा घालून त्यांनी तो हातात आणला होता.

"चला," दादा म्हणाले. "ताईची बॅग कुठे आहे?"

"ताई येत नाहीयेत," जाऊबाई म्हणाल्या.

"येत नाही म्हणजे? ठरलंय तसं."

"तुमचं ठरलंय."

"अगं, तुझ्याच मदतीसाठी चाललंय ना हे सगळं!"

"हो. म्हणून तर मीही गप्प होते. ताईंना माझ्या जागी बसवून मी सुटणार होते." त्यांनी हातातला पालथा कप ताईच्या टेबलावर ठेवला. "बारा वर्षांत आज पहिल्यांदा पाऊण तास मला कुणी हाक मारली नाही. आणि ज्यांनी मला तो दिला, त्यांनाच घेऊन जायचं? त्यांना रिकामं म्हणून? मला नाही जमणार."

"मग बाबांचं काय? ते परके आहेत का?"

"परके नाहीत," ताई म्हणाली. ती उभी राहिली होती. "दादा, रविवारी माझं बंद असतं. दर रविवारी मी येईन. त्या दिवशीच्या सगळ्या हाका माझ्या. वहिनींनी त्या दिवशी स्वयंपाकघरातही यायचं नाही."

"आणि बाकीच्या दिवसांना पगार देऊन माणूस ठेवायचा," जाऊबाई म्हणाल्या. "आणि रात्रीच्या हाकांना तुम्ही उठायचं. ते वडील तुमचे आहेत."

दादांची दातखीळ बसली. माझ्या उभ्या संसारात मी त्यांना असं गप्प झालेलं बघितलं नव्हतं, आणि मला झालेला आनंद लपवायला मी कप पुसायला घेतला. त्यांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा बहिणीकडे, मग त्या सात अनोळखी माणसांकडे. ती सगळी समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"सतरा नंबर," ताई म्हणाली.

दादा हातातल्या बिल्ल्याकडे बघत राहिले. मग काय वाटलं कोण जाणे, उठले आणि आत गेले. ताईने त्यांचा कप नेऊन ठेवला, दार लावलं, घड्याळ पंधरावर फिरवलं. जाऊबाई खुर्चीत बसल्या, ह्या वेळी पाठ टेकून. मी त्यांच्या हातात एक गरम कप दिला.

दोन मिनिटं झाली असतील. आतून दादांचा आवाज आला, सवयीचा, मोठा.

"अगं ए, साखर कुठंय?"

सगळ्यांनी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांचा उजवा पाय उचलला गेला होता, टाच वर झाली होती. ताई टेबलामागून त्या टाचेकडे बघत होती, आणि मीसुद्धा. आतून पुन्हा हाक आली, थोडी आणखी मोठी.

जाऊबाईंनी टाच हळूच खाली टेकवली आणि कॉफीचा एक घोट घेतला.